आधी नंबर एका रूपात आणा, मग राउटिंग करा: एसबीसी पहिल्यांदा हाताळणाऱ्यांसाठी

१५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन लावताना आधी शून्य लावणं सक्तीचं झालं. त्या सकाळी मला दोन ऑफिसांमधून फोन आले. तक्रार एकच होती: मोबाइलला कॉल लागत नाहीत. पहिल्या ठिकाणी एसबीसीतली, म्हणजे ऑफिस आणि फोन कंपनी यांच्या वेशीवरच्या उपकरणातली, एक ओळ बदलली आणि पाच मिनिटांत काम झालं. दुसऱ्या ठिकाणी तेच काम संध्याकाळपर्यंत पुरलं. तिथे मोबाइल नंबरांचे नियम थोडे पीबीएक्सच्या (ऑफिसातल्या टेलिफोन एक्स्चेंजच्या) डायल प्लॅनमध्ये, थोडे राउटिंगच्या टेबलात आणि थोडे प्रत्येक ट्रंकच्या (फोन कंपनीकडे जाणाऱ्या जोडणीच्या) सेटिंगमध्ये पसरलेले होते. एक सुधारला की दुसरा बिघडायचा. उपकरण दोन्हीकडे एकाच बनावटीचं होतं, फरक मांडणीचा होता.

ती मांडणी कशी करायची ते या लेखात पायरीपायरीने सांगतो. पडद्यावरची नावं ऑडिओकोड्सच्या मीडियंट मालिकेतली घेतली आहेत, कारण रोजचं काम माझं त्यावरच चालतं. तुमच्याकडे सिस्कोचं क्यूब असेल तर तिथे 'डायल-पीअर' दिसतील, ओरॅकलच्या एसबीसीत 'सेशन एजंट' आणि 'लोकल पॉलिसी' भेटतील. नावं वेगळी असली तरी विचार तोच लागू पडतो.

दोन खुणा आधीच सांगून ठेवतो. इथे आकडे देवनागरीत छापले आहेत, उपकरणात ते इंग्रजीतच भरायचे. आणि 'कोणताही एक आकडा' यासाठी उपकरणाला इंग्रजी एक्स हे अक्षर लागतं, त्या जागी मी शाळेतला 'क्ष' लिहिला आहे.

कॉल एसबीसीत शिरल्यावर काय होतं

एसबीसी म्हणजे सेशन बॉर्डर कंट्रोलर. तुमचं आतलं नेटवर्क आणि सेवा देणाऱ्या कंपनीचं नेटवर्क यांच्या वेशीवर तो उभा असतो. नवख्या माणसाला तो राउटरसारखा वाटतो, पण राउटर पाकीट जसंच्या तसं पुढे सरकवतो. एसबीसी तसं करत नाही. जुन्या जकात नाक्यावर माल एका ट्रकमधून उतरवून दुसऱ्या ट्रकमध्ये भरला, तर दुसऱ्या ट्रकचे कागद नवे असतील; तसंच इथे होतं. आतून आलेला कॉल एसबीसीपाशी संपतो आणि एसबीसी स्वतःच्या नावाने बाहेर दुसरा कॉल उभा करतो. म्हणून एका संभाषणाचे नेहमी दोन पाय असतात, येणारा आणि जाणारा. लॉग वाचताना आपण कोणत्या पायाकडे बघतोय हे आधी ठरवायचं. निम्मे गोंधळ तिथेच सुटतात.

येणारा कॉल चार टप्प्यांतून जातो आणि हा क्रम पाठच करावा लागतो. आधी ओळख पटते, म्हणजे हा कॉल कोणाकडून आला ते ठरतं. याला 'क्लासिफिकेशन' म्हणतात. मग आत येतानाची नंबरदुरुस्ती, म्हणजे 'इनबाउंड मॅनिप्युलेशन'. मग राउटिंग. शेवटी बाहेर पडतानाची नंबरदुरुस्ती, 'आउटबाउंड मॅनिप्युलेशन'. राउटिंगचं टेबल जो नंबर बघतं तो पहिल्या दुरुस्तीनंतरचा आणि दुसऱ्या दुरुस्तीआधीचा असतो. 'मी नियम बरोबर लिहिलाय, तरी लागू होत नाही' असं कोणी म्हणालं की मी आधी हेच विचारतो: नियम कोणत्या रूपातल्या नंबरासाठी लिहिलाय?

आपलं उदाहरण

पुण्यातलं एक ऑफिस धरू. आत आयपी-पीबीएक्स आहे, एक्स्टेंशन ४००० ते ४०९९. कंपनीला ०२० च्या पुढे आठ आकड्यांचा, शंभर नंबरांचा डीआयडी (बाहेरून थेट एक्स्टेंशनला लागणाऱ्या नंबरांचा) पट्टा मिळाला आहे आणि त्यातले शेवटचे चार आकडे हेच एक्स्टेंशन आहे. बाहेर जायला दोन सिप ट्रंक आहेत; सिप म्हणजे नेटवर्कवरून कॉल जोडायची आणि तोडायची ठरलेली भाषा. ट्रंक-अ मुख्य, ट्रंक-ब राखीव, दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे. पणजीला एक छोटी शाखा आहे, तिचे फोन खासगी डेटा लाइनवरून याच पीबीएक्सला जोडले आहेत.

पायरी १: मशीनला हात लावण्याआधी कागद भरा

ट्रंक देणाऱ्या दोन्ही कंपन्यांना हे लेखी विचारा. सिग्नलिंगचा आयपी पत्ता आणि पोर्ट कोणता? (यूडीपी किंवा टीसीपी असेल तर सहसा ५०६०, टीएलएस असेल तर ५०६१.) आवाजाची पाकिटं त्याच पत्त्यावरून येणार की वेगळ्या? कोडेक, म्हणजे आवाज आकड्यांत बदलायची पद्धत, कोणता? बाहेर जाणारा नंबर कोणत्या रूपात हवा: शून्य लावून, +९१ लावून की नुसते दहा आकडे? आत येणारा नंबर ते कोणत्या रूपात पाठवतात? कॉल करणाऱ्याचा नंबर 'फ्रॉम' हेडरमधला बघतात की 'पी-असर्टेड-आयडेंटिटी'मधला? 'ऑप्शन्स' हा सिपचा 'आहेस का?' असं विचारणारा संदेश पाठवून विचारपूस केली तर उत्तर देतात का? एका वेळी किती कॉल चालतात?

'स्टँडर्डच आहे साहेब' असं उत्तर आलं तर थांबू नका, नमुन्याचा एक इन्व्हाइट, म्हणजे कॉल सुरू करणारा सिप संदेश, मागा. सिपचं स्टँडर्ड, म्हणजे जून २००२ चं आरएफसी ३२६१, नंबर कसा लिहावा यावर भरपूर मोकळीक देतं, आणि प्रत्येक कंपनी ती मोकळीक आपल्या पद्धतीने वापरते.

पायरी २: आत शिरा, आधी जुनं जपून ठेवा

नवं कोरं मीडियंट १९२.१६८.०.२ या पत्त्यावर मिळतं. नाव आणि पासवर्ड दोन्ही 'अ‍ॅडमिन', त्यात पहिलं अक्षर मोठं. आत गेल्यावर पहिलं काम पासवर्ड बदलण्याचं.

उपकरण आधीपासून चालू असेल तर चालू कॉन्फिगरेशनची आयएनआय फाइल आपल्या लॅपटॉपवर उतरवून घ्या आणि नावात तारीख घाला. आणखी एक लक्षात ठेवा. 'अप्लाय' दाबलं की बदल लगेच लागू होतो, पण उपकरण बंद पडून चालू झालं तर तो गेलेला असतो. 'सेव्ह' दाबल्यावरच तो कायमचा लिहिला जातो. सेव्ह करायचं राहिलं असेल तर त्या बटणाभोवती लाल चौकट दिसते. आठवडाभर नीट चाललेला ट्रंक वीज गेल्यावर 'आपोआप बिघडला', असं ऐकलं की आधी ही चौकट आठवा.

पायरी ३: नाती जोडा

'सिग्नलिंग अँड मीडिया' या भागात 'कोअर एंटिटीज' आहेत. इथे क्रम पाळला तर घोळ होत नाही.

आधी 'मीडिया रेल्म', म्हणजे आवाजाची पाकिटं कोणत्या नेटवर्क कार्डावरून आणि कोणत्या पोर्टांवरून जातील ते. एक आतलं, एक बाहेरचं. मग 'सिप इंटरफेस', म्हणजे सिग्नलिंग कुठे ऐकायचं ते. पुन्हा एक आतला, एक बाहेरचा. मग 'प्रॉक्सी सेट', म्हणजे समोरच्याचे पत्ते. पीबीएक्सचा एक, ट्रंक-अ चा एक, ट्रंक-ब चा एक. शेवटी 'आयपी ग्रुप'. राउटिंगच्या टेबलात पुढे फक्त आयपी ग्रुपची नावं वापरायची आहेत, म्हणून नावं वाचता येतील अशी ठेवा. 'ग्रुप१', 'ग्रुप२' अशी नावं ठेवलीत तर सहा महिन्यांनी तुमच्याच नियमांचा अर्थ तुम्हाला लागणार नाही.

प्रॉक्सी सेटमध्ये 'प्रॉक्सी कीप-अलाइव्ह' हे 'ऑप्शन्स वापरून' असं करा. एसबीसी मग ठरावीक वेळाने समोरच्याला 'आहेस का?' असं विचारत राहतो. मुळात हा वेळ ६० सेकंदांचा असतो. याचं महत्त्व पायरी ८ मध्ये कळेल.

पायरी ४: कोणाला ओळख द्यायची

ट्रंक आणि पीबीएक्स ठरलेल्या पत्त्यांवरूनच बोलतात, तेव्हा त्यांच्या आयपी ग्रुपमध्ये 'क्लासिफाय बाय प्रॉक्सी सेट' चालू ठेवा. ज्या पत्त्याची ओळख पटत नाही त्याचा कॉल मुळातच नाकारला जातो. ती सेटिंग तशीच राहू द्या. 'तात्पुरतं सगळ्यांना आत घेऊन बघू' असं करू नका.

इंटरनेटवर उघडं असलेलं ५०६० पोर्ट शोधणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस फिरत असतात. लॉगमध्ये 'फ्रेंडली-स्कॅनर' हे नाव दिसलं तर तो मित्र नव्हे. त्याला नकाराचं उत्तर दिलं तरी 'इथे कोणीतरी आहे' एवढं त्याला कळतं. म्हणून बाहेरच्या सिप इंटरफेसवर 'क्लासिफिकेशन फेल्युअर रिस्पॉन्स टाइप' शून्य करा. अनोळखी माणसाला मग कसलंच उत्तर जात नाही.

पायरी ५: आत येताना नंबर एका रूपात आणा

या पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो आणि तुम्हीही घालवावा.

नियम असा: एसबीसीच्या पोटात प्रत्येक नंबर +देशाचा कोड आणि पुढचे आकडे याच रूपात असेल. याला ई.१६४ रूप म्हणतात, जास्तीत जास्त १५ आकडे. कोणी कसाही डायल करो, कोणतीही कंपनी कसाही पाठवो, राउटिंगच्या टेबलापर्यंत तो याच रूपात पोचला पाहिजे.

आधी पीबीएक्सकडून येणारे, म्हणजे बाहेर जाणारे कॉल घेऊ. लोक डायल करतात ते ढोबळमानाने असं असतं:

- ० आणि पुढे दहा आकडे. हा मोबाइल असेल किंवा एसटीडी. भारतात एसटीडी कोड आणि स्थानिक नंबर मिळून दहाच आकडे होतात: पुण्याचा कोड २० आणि आठ आकडे, नागपूरचा ७१२ आणि सात आकडे. म्हणून मोबाइल आणि एसटीडीसाठी वेगळे नियम लागत नाहीत. डावीकडून एक आकडा काढा, पुढे +९१ लावा.
- नुसते दहा आकडे, पहिला ६ ते ९. सवयीने लावलेला मोबाइल. पुढे +९१.
- आठ आकडे. पुण्यातला स्थानिक. पुढे +९१२०.
- ०० ने सुरू होणारा. परदेश. डावीकडून दोन काढा, पुढे + लावा.
- १ ने सुरू होणारे: ११२, १०१, १०८, १०९८, १८०० चे नंबर. यांना हात लावायचा नाही.

'इनबाउंड मॅनिप्युलेशन'मध्ये प्रत्येकाची एक ओळ होते. स्थानिक नंबराची ओळ जवळून बघू. 'सोर्स आयपी ग्रुप'मध्ये पीबीएक्स. 'डेस्टिनेशन युजरनेम पॅटर्न'मध्ये [२-९]क्षक्षक्षक्षक्षक्षक्ष#. 'मॅनिप्युलेटेड आयटम'मध्ये डेस्टिनेशन. 'प्रिफिक्स टू अ‍ॅड'मध्ये +९१२०.

शेवटचं # विसरू नका. त्याचा अर्थ 'नंबर इथे संपला'. ते नसेल तर उपकरण पॅटर्नकडे सुरुवात म्हणून बघतं. मग आठ आकड्यांच्या पॅटर्नमध्ये दहा आकड्यांचा मोबाइलही बसतो आणि त्याच्यापुढे +९१२० लागून चौदा आकड्यांचा नसलेला नंबर तयार होतो. कंपनी ४०४ ('असा नंबर नाही') पाठवते, आणि तुम्ही ट्रंकमध्ये दोष शोधत बसता.

पहिला आकडा [६-९] असा का बांधला, तेही सांगतो. १८०० चे काही जुने नंबर दहाच आकड्यांचे आहेत. 'कोणतेही दहा आकडे' असा नियम लिहिला तर बँकेच्या टोल-फ्री नंबरापुढेही +९१ लागतं.

आता एक धोका, जो पुण्या-मुंबईच्या ऑफिसांमध्ये हमखास भेटतो. पुष्कळ ठिकाणी बाहेरची लाइन घ्यायला आधी शून्य दाबायची पद्धत आहे. माणूस लाइनसाठी ० दाबतो, मग मोबाइलचं ० आणि मग नंबर. पीबीएक्सने लाइनचं शून्य काढून टाकलं नाही, तर एसबीसीला ०० दिसतं आणि मोबाइल ९८ ने सुरू होत असेल तर ००९८. ९८ हा इराणचा कोड आहे. ९४ ने सुरू होणारा मोबाइल याच वाटेने श्रीलंकेला जायला निघतो. लाइनचा आकडा पीबीएक्समध्येच काढून टाका आणि तो काढला जातोय हे एसबीसीच्या लॉगमध्ये डोळ्यांनी बघा.

ट्रंककडून येणाऱ्या कॉलमध्ये दोन नंबर सरळ करायचे असतात. तुमचा डीआयडी, म्हणजे डेस्टिनेशन, आणि फोन करणाऱ्याचा नंबर, म्हणजे सोर्स. डीआयडी सोपा आहे, कारण कंपनी तो एकाच रूपात पाठवते. सोर्सच्या बाबतीत 'लीव्ह फ्रॉम राइट' मध्ये १० भरून पुढे +९१ लावायचा मोह होतो: उजवीकडचे दहा ठेवा, बाकीचं काढून टाका. भारतातल्या नंबरांना हे चालतं. पण अमेरिकेतल्या नंबरात +१ च्या पुढेही दहाच आकडे असतात. या नियमाने अमेरिकेतला माणूस भारतातला होतो आणि त्याला परत लावलेला फोन भलत्यालाच लागतो. म्हणून सोर्सच्या नियमांनाही नेमके पॅटर्न द्या: ० आणि दहा आकडे, नुसते दहा आकडे, ९१ आणि दहा आकडे. ज्याच्यापुढे + आहे त्याला तसंच राहू द्या.

पायरी ६: राउटिंगचं टेबल

नंबर एका रूपात आले की हे टेबल आश्चर्य वाटावं इतकं लहान होतं. 'एसबीसी'च्या खाली 'राउटिंग' आणि त्यात 'आयपी-टू-आयपी राउटिंग'. उपकरण वरून खाली वाचत येतं आणि जी ओळ पहिली जुळेल ती घेतं. म्हणून नेमके नियम वर, मोकळे नियम खाली. ओळी वरखाली करायला बटणं आहेत.

आपल्या ऑफिसचं टेबल असं होईल:

१. 'रिक्वेस्ट टाइप' ऑप्शन्स, कोणाकडूनही: उत्तर एसबीसीनेच द्यायचं. ही ओळ नसेल तर समोरच्याची 'आहेस का?' ही विचारपूस पुढच्या एखाद्या नियमात जुळून भलतीकडे जाते आणि समोरचा तुम्हाला बंद समजतो.

२. पीबीएक्सकडून ११२, १००, १०१, १०८: ट्रंक-अ.

३. ट्रंक-अ कडून, डेस्टिनेशन आपला डीआयडी पट्टा: पीबीएक्स.

४. ट्रंक-ब कडून, तोच पट्टा: पीबीएक्स.

५. पीबीएक्सकडून, +९१: ट्रंक-अ. त्याच्या लगेच खाली पर्यायी ओळ, ट्रंक-ब.

६. पीबीएक्सकडून १८००: ट्रंक-अ.

७. पीबीएक्सकडून, ज्या देशांशी कामकाज आहे तेवढ्याच कोडांसाठी आणि ज्यांना गरज आहे तेवढ्याच एक्स्टेंशनांकडून: ट्रंक-अ.

आठवी ओळ नाही. 'कोणाकडूनही, कुठेही' अशी शेवटची ओळ टाकू नका. मी ती एकदा टाकली होती, 'काही राहून गेलं तर असू दे' म्हणून. ऑफिसातला एक माणूस नोकरी सोडून गेला आणि पीबीएक्समधून त्याचं एक्स्टेंशन काढलं गेलं. मग त्याच्या जुन्या डीआयडीवर कोणीतरी फोन केला. एसबीसीने तो पीबीएक्सला दिला. पीबीएक्सला तो नंबर आपला वाटला नाही, म्हणून त्याने तो बाहेर जाणारा समजून एसबीसीकडे परत पाठवला. माझ्या शेवटच्या ओळीने तो ट्रंकवर सोडला. ट्रंकवाल्या कंपनीने बघितलं की हा नंबर याच गिऱ्हाइकाचा आहे, आणि परत आमच्याकडे धाडला. प्रत्येक फेरीला ट्रंकवर दोन चॅनेल भरत गेले. काही सेकंदांत सगळे तीस चॅनेल भरले आणि ऑफिसचा फोन ठप्प झाला. सिपमध्ये अशा फेऱ्या थांबवायला 'मॅक्स-फॉरवर्ड्स' हा उलट मोजणारा आकडा असतो. पण वेशीवरचं उपकरण नवा कॉल उभा करताना तो आकडा नव्याने लिहू शकतं, त्यामुळे नुसत्या त्याच्यावर विसंबता येत नाही.

त्या दिवसापासून मी पाचव्या ओळीच्या वर आणखी एक ओळ घालतो: पीबीएक्सकडून आपल्याच डीआयडी पट्ट्याकडे निघालेला कॉल असेल तर एसबीसीनेच ४०४ देऊन तो तिथेच संपवायचा. 'डेस्टिनेशन टाइप' इंटर्नल केलं की हे करता येतं. तुम्हीही ही ओळ घाला.

परदेशाच्या ओळीबद्दल एवढंच सांगतो की फसवणुकीचे कॉल शनिवारी रात्री होतात आणि ते कळतात सोमवारी. देशांची यादी लहान ठेवा. त्या वाटेवर एका वेळी किती कॉल जाऊ शकतात, यावरही 'कॉल अ‍ॅडमिशन कंट्रोल'ची मर्यादा घाला. आपल्या उदाहरणात दोन पुरेत.

आता पणजी. तिथल्या टेबलावरून कोणी ११२ लावला तर दुसऱ्या ओळीने तो पुण्याच्या ट्रंकवरून बाहेर पडेल. ११२ ची व्यवस्था राज्यवार आहे, म्हणजे गोव्यात अडचणीत सापडलेल्या माणसाचा फोन महाराष्ट्राच्या नियंत्रण कक्षात वाजेल. तिथे बोलणाऱ्याला पणजीतला रस्ता माहीत नसणार, आणि पडद्यावर दिसणारा नंबर पुण्याचा असणार. शाखेत स्थानिक लाइन घ्या, छोटं गेटवे बसवा आणि पणजीच्या एक्स्टेंशनांवरून आलेले आणीबाणीचे कॉल तिकडे वळवणारी ओळ दुसऱ्या ओळीच्याही वर ठेवा. खर्चाचं कारण सांगून हे पुढे ढकललं जातं. ढकलू देऊ नका.

पणजीचे नेहमीचे बाहेरचे कॉल पुण्यातून काढायचे असतील तर आधी थांबा. एका शहरातला कॉल खासगी लाइनवरून दुसऱ्या शहरात नेऊन तिथल्या सार्वजनिक टेलिफोन जाळ्यात सोडणं याला टोल बायपास म्हणतात आणि भारतात तो परवान्याच्या अटींचा विषय आहे. तुमची रचना त्यात बसते का, हे सेवा देणाऱ्या कंपनीकडून लेखी घ्या.

पायरी ७: बाहेर पडताना समोरच्याच्या सवयीचं रूप

आता प्रत्येक आयपी ग्रुपला त्याला हवं तसं द्यायचं. ट्रंक-अ ला शून्य आणि दहा आकडे हवेत: 'डेस्टिनेशन आयपी ग्रुप' ट्रंक-अ, पॅटर्न +९१, डावीकडून तीन अक्षरं काढा (अधिकचं चिन्हही एक अक्षर म्हणून मोजलं जातं), पुढे ० लावा. ट्रंक-ब ला +९१ च हवं: काहीच करायचं नाही. पीबीएक्सला चार आकडी एक्स्टेंशन हवं: 'लीव्ह फ्रॉम राइट' ४.

सुरुवातीला सांगितलेली, २०२१ सालची ती एक ओळ हीच. आधी तिथे +९१ काढून नुसते दहा आकडे पाठवले जात होते. 'प्रिफिक्स टू अ‍ॅड'मध्ये ० घातलं आणि काम संपलं. राउटिंगला हात लागला नाही, पीबीएक्सलाही नाही.

सोर्स नंबरही इथेच बघा. पीबीएक्स '४०१२' एवढंच पाठवत असेल तर त्याच्यापुढे डीआयडीचे बाकीचे आकडे लावून पूर्ण नंबर करा. दिलेल्या पट्ट्याबाहेरचा नंबर दिसला की पुष्कळ कंपन्या कॉल घेतच नाहीत आणि ४०३ ('परवानगी नाही') पाठवतात. कॉल फॉरवर्ड करताना हे हमखास होतं: बाहेरून आलेला कॉल कोणी स्वतःच्या मोबाइलवर वळवला की मूळ माणसाचा नंबर सोर्स म्हणून जातो. अशा वेळी 'पी-असर्टेड-आयडेंटिटी' किंवा 'डायव्हर्जन' हेडरमध्ये आपला डीआयडी घालावा लागतो. कोणतं चालतं ते कंपनीवर अवलंबून आहे, म्हणून पायरी १ चा तो प्रश्न.

पायरी ८: मुख्य ट्रंक पडला तर

पाचव्या ओळीखालची पर्यायी ओळ 'अल्टरनेटिव्ह रूट ऑप्शन्स'मध्ये 'इग्नोर इनपुट्स' अशी ठेवा, म्हणजे तिच्या जुळवणीच्या अटी पुन्हा तपासल्या जात नाहीत. पण कोणतं उत्तर आल्यावर पर्यायाकडे जायचं ते वेगळ्या यादीत सांगावं लागतं, 'अल्टरनेटिव्ह रीझन्स सेट'मध्ये, आणि ती यादी ट्रंक-अ च्या आयपी ग्रुपला जोडावी लागते. यादी भरली पण जोडली नाही, ही नवख्यांची नेहमीची चूक.

यादीत ४०८ (वेळेत उत्तर नाही), ५०० (समोरच्या यंत्रात बिघाड) आणि ५०३ (सेवा उपलब्ध नाही) घाला. ४८६ घालू नका. ४८६ म्हणजे समोरचा माणूस दुसऱ्या फोनवर बोलतोय. ते पर्यायात घातलंत तर ट्रंक-ब वरून त्याच माणसाला पुन्हा फोन जाईल. ४०४ चंही तेच, नसलेला नंबर दुसऱ्या ट्रंकवरही नसतो.

कीप-अलाइव्हचं महत्त्व इथे दिसतं. यूडीपीवर समोरून काहीच उत्तर आलं नाही, तर सिपच्या मूळ नियमाप्रमाणे इन्व्हाइट पुन्हा पुन्हा पाठवला जातो: अर्ध्या सेकंदाने, मग एक, दोन, चार, आठ, सोळा सेकंदांनी. हार मानेपर्यंत ३२ सेकंद जातात. इतका वेळ कानाला रिसीव्हर लावून कोणी थांबत नाही. ऑप्शन्सची विचारपूस चालू असेल तर ट्रंक मेलाय हे एसबीसीला आधीच ठाऊक असतं, आणि पुढचा कॉल थेट ट्रंक-ब वर जातो.

पायरी ९: तपासा

सिसलॉग, म्हणजे उपकरण पाठवत असलेल्या नोंदी, लॅपटॉपवर घ्या, डीबग पातळी 'डिटेल्ड' करा आणि एकेक कॉल लावा: शून्य लावून मोबाइल, न लावता मोबाइल, स्थानिक आठ आकडे, नागपूर, १८००, परवानगी असलेला देश, परवानगी नसलेला देश, नसलेलं एक्स्टेंशन. प्रत्येक कॉलमध्ये चारच गोष्टी बघा. कोणत्या आयपी ग्रुपची ओळख पटली? पहिल्या दुरुस्तीनंतर नंबर काय झाला? राउटिंगची कोणती ओळ लागली? बाहेर पडताना इन्व्हाइटच्या पहिल्या ओळीत काय लिहिलं होतं?

११२ चा प्रत्यक्ष फोन लावून चाचणी करू नका. त्याच ओळीसारखी एक तात्पुरती ओळ आपल्या मोबाइल नंबरासाठी करा, ती कोणत्या वाटेने जाते ते बघा आणि काढून टाका. पणजीच्या एक्स्टेंशनवरूनही हे करा.

कॉल लागतो पण एकाच बाजूचा आवाज येतो, ही तक्रार राउटिंगची नसते. वायरशार्कमध्ये (नेटवर्कवरची पाकिटं उघडून दाखवणारा प्रोग्रॅम) एसडीपीतली, म्हणजे आवाज कुठे पाठवायचा ते सांगणाऱ्या भागातली, 'सी' ने सुरू होणारी ओळ बघा. बाहेर गेलेल्या पाकिटात तिथे १० किंवा १९२.१६८ ने सुरू होणारा आतला पत्ता दिसला, तर मीडिया रेल्म किंवा नॅटची (आतला पत्ता बाहेरच्या पत्त्यात बदलण्याची) सेटिंग चुकली आहे. फायरवॉलवरचं सिप एएलजी बंद आहे ना तेही त्याच वेळी बघून घ्या. मदत करायच्या नादात ते पत्ते बदलून ठेवतं.

मग ट्रंक-अ ची केबल काढा. दोन मिनिटं थांबून 'मॉनिटर'मध्ये प्रॉक्सी सेटची स्थिती बघा, ट्रंक-अ बंद दिसला पाहिजे. मोबाइलला फोन लावा, ट्रंक-ब वरून गेला पाहिजे. केबल परत लावा आणि तो पूर्ववत होईपर्यंत तिथून हलू नका.

सगळं जुळलं की डीबग पातळी खाली आणा, लाल चौकटीचं 'सेव्ह' दाबा, नवी आयएनआय फाइल आजच्या तारखेने उतरवा आणि पायरी १ च्या भरलेल्या कागदाबरोबर एकाच फोल्डरमध्ये ठेवा.